कणगी भरलेली होती, गिरणी बंद होती

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्या वेळी दापोली तालुक्यातील आमच्या घरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, तयारी जवळजवळ पूर्ण झाली होती. कणगीत वर्षभर पुरेल इतके न भरडलेले भात होते, गव्हाचे एक पोते होते, कुळीथ, वाल आणि चवळी डब्यांत भरून झाली होती, आणि आमसुले, कैरीचे लोणचे, खारातले फणसाचे गरे आणि सोडे (सुकवलेली कोलंबी) यांच्या बरण्या फळीवर चढल्या होत्या. टाळेबंदीमुळे त्या वर्षी आम्ही नेहमीपेक्षा अधिकच सामान भरले होते, आणि महिनाभर बाजार उघडला नाही तरी आपले काही अडणार नाही, अशी माझी खात्री होती. वादळ ओसरल्यानंतर तिसऱ्या दिवशी पीठ संपले आणि पाचव्या दिवशी भरडून आणलेला तांदूळ संपला. विजेचे खांब वाडीभर आडवे झाले होते, गावातील गिरणी विजेवर चालणारी होती, आणि आमच्या घरी वीज परत आली ती तेविसाव्या दिवशी.

“अगो, भात आहे खरं, पण तांदूळ कुठे आहे?” असे सासूबाई म्हणाल्या आणि पडवीच्या कोपऱ्यात कित्येक वर्षे पडून असलेले उखळ त्यांनी बाहेर काढायला लावले. त्या तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या. आम्ही दोघी रोज सकाळी आळीपाळीने कांडत असू आणि पाच माणसांच्या दोन वेळच्या जेवणापुरता तांदूळ कसाबसा निघत असे. गव्हाचे पोते मात्र तसेच राहिले, कारण आमच्याकडचे जाते आम्ही पूर्वीच अंगणातल्या तुळशीजवळ शोभेसाठी नेऊन ठेवले होते आणि त्याचा खुंटाही जागेवर नव्हता. साठवणीतील प्रत्येक पदार्थाविषयी मी तेव्हापासून एकच प्रश्न विचारते: वीज, पाण्याचा पंप आणि दुकान ही तिन्ही बंद असताना हा पदार्थ ताटात कसा येईल?

याचा अर्थ भात साठवणे चूक आहे असा नाही. तुसाच्या आत असलेला दाणा किडीला सहजासहजी मिळत नाही, म्हणून भात तांदळापेक्षा कितीतरी अधिक टिकते, आणि आमच्या पूर्वजांनी कणगीत तांदूळ न भरता भात भरले ते याच कारणाने. आता आम्ही कणगी भरतोच, परंतु मे महिन्यात भात भरडून किमान २५ किलो तांदूळ पत्र्याच्या दोन डब्यांत वेगळा ठेवतो, आणि त्यातला निम्मा उकडा असतो. भात आधी उकडून, वाळवून मग भरडल्यामुळे उकड्या तांदळाचा दाणा टणक होतो, त्याला सोंडे (सोंडकिडे) कमी लागतात, आणि त्याची पेज पोटाला धरून राहते. पाच माणसांना पंधरा दिवस पुरायचे असेल, तर माणशी दिवसाला ३०० ग्रॅम धान्य धरून साडेबावीस किलो लागते. हा हिशेब कागदावर मांडून पाहीपर्यंत मी केवळ अंदाजाने भरत होते. डाळी-कडधान्य त्याच काळासाठी सहा किलो आणि तेल सव्वादोन लिटर, एवढे आमच्या घराला पुरते.

टिकवण्याच्या कामात सर्वांत मोठा शत्रू दमट हवा आहे आणि कोकणात तिच्याशी चार महिने झुंजावे लागते. धान्याला दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु उन्हातून आणलेले गरम धान्य लगेच डब्यात भरून झाकण लावण्याची चूक पुष्कळ घरांत होते. डबा गार होताना आतील वाफ झाकणाला आणि पत्र्याला धरते, तिचे पाणी पुन्हा धान्यावर उतरते आणि आठवड्याभरात वरचा थर कुबट होतो. धान्य घरात आणून रात्रभर कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि सकाळी भरावे. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज करून तुटला तर तो वाळला, आणि दबला तर त्याला आणखी एक ऊन हवे, ही सासूबाईंची परीक्षा मला आजवर कधी फसवी ठरलेली आढळली नाही. तूरडाळीला आणि मुगाला मी किलोमागे एक चमचा एरंडेल चोळते. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंग्यांची अंडी चिकटून वाढत नाहीत. वाल आणि चवळी चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून ठेवण्याची रीत आमच्या वाडीत अजून आहे, आणि ती चांगली आहे.

येथे एक गोष्ट अत्यंत कळकळीने लिहावीशी वाटते. धान्य टिकावे म्हणून काही जण गोदामात वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या डब्यात किंवा कणगीत टाकतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्या गोळीतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू बाहेर पडतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावू शकतात. पावसाळ्यातील दमट हवेत हा धोका किती आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात मी घालत नाही; थोडे किडे लागले तर धान्य चाळता, निवडता येते.

ओल्या पदार्थांत मीठ आणि आंबटपणा हेच खरे राखणदार आहेत. आमसुले तयार करताना रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, साले त्यांच्याच रसात आणि मिठात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली जातात, म्हणून ती काळी पडली तरी वर्षानुवर्षे बिघडत नाहीत. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), खारातल्या कैऱ्या आणि लोणचेही त्याच न्यायाने टिकतात. खारातले गरे मात्र सतत मिठाच्या पाण्याखाली बुडालेले राहिले पाहिजेत, नाहीतर वर आलेल्या गऱ्यावर बुरशी धरते, यासाठी मी बरणीत स्वच्छ धुतलेला जड गोटा ठेवते. चिनीमातीची बरणी, कोरडा लाकडी डाव आणि तोंडावर घट्ट बांधलेला दादरा (फडके) यांत फार मोठे शहाणपण आहे. याउलट, शिजवलेली आमटी, उसळ किंवा बिनआंबट भाजी काचेच्या बाटलीत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून, झाकण घट्ट लावून फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकवण्याचे प्रयोग मी मुळीच करत नाही. बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू १०० अंश तापमानाला मरत नाहीत, हवाबंद, ओल्या आणि आंबटपणा नसलेल्या अन्नात ते पुन्हा वाढू लागतात, आणि त्यांनी केलेले विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येईलच असे नाही.

वादळाने आणखी एक उणीव दाखवून दिली. छपराची कौले उडाली आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवलेले पोहे, मिरगुंडे आणि पापड पहिल्या तासाभरातच भिजून गेले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा तेथे राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घरी नेमके उलटे घडले: माळ्यावरचे सर्व वाचले आणि खालच्या खोलीतील तांदूळ, पीठ, साखर, तेलाचे डबे असे सारे गेले. गॅसचे सिलिंडर पाण्यावर तरंगत दारापर्यंत आले होते. म्हणून आता माझ्याकडे बेगमीचे दोन भाग असतात. एक मधल्या खोलीतील उंच फळीवर आणि दुसरा जमिनीपासून हातभर वर, लाकडी घडवंचीवर, घट्ट झाकणाच्या पिंपात. पुराचे पाणी लागलेले धान्य वाळवून वापरण्याचा मोह मावशीला झाला होता, आणि वर्षभराची पुंजी उकिरड्यावर टाकताना जीव तुटतो हे मी तिच्या डोळ्यांत पाहिले आहे. परंतु त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरे आणि गोदामांतील रसायने असे सर्व काही मिसळलेले असते, त्यामुळे ते धान्य टाकणे हाच योग्य मार्ग आहे. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्याही वाचल्या असे समजू नये, कारण आट्यांमधून पाणी आत झिरपलेले असू शकते.

फ्रिजविषयी थोडेच सांगते. दार न उघडता ठेवला तर त्यातील अन्न वीज गेल्यापासून सुमारे चार तास सुरक्षित राहते, आणि पूर्ण भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत तग धरतो. त्यानंतर त्यात काय आहे याला काही अर्थ उरत नाही. म्हणून वीज गेल्याबरोबर आधी फ्रिजमधले खावे आणि फळीवरच्या बरण्यांना त्यानंतर हात लावावा.

शिजवण्याच्या बाबतीत मला जे शिकायला मिळाले, ते इंधन आणि पाणी वाचवण्याविषयी होते. अख्खे कुळीथ शिजायला लाकडाचा भारा लागतो, परंतु कुळीथ भाजून, भरडून, पाखडून दळलेली पिठी दहा मिनिटांत पिठले होऊन भातावर पडते, म्हणून आगोटीला दोन किलो पिठी करून ठेवणे मी आता चुकवत नाही. कडव्या वालाचे बिरडे आम्हा सर्वांना प्रिय आहे, पण भिजवणे, मोड आणणे, सोलणे आणि धुणे यांत इतके पाणी जाते की अडचणीच्या दिवसांत त्याचे नाव काढू नये. मसूर आणि मुगाची डाळ लवकर शिजते. तांदूळ अर्धा तास भिजवून, पाणी मोजून घालून, एक उकळी आणून पाच-सात मिनिटे शिजू द्यावा, मग झाकण घट्ट लावून पातेले जाड गोधडीत सर्व बाजूंनी गुंडाळून ठेवावे. पाऊण तासात मोकळा भात तयार होतो आणि निम्मे सरपण वाचते. मूगडाळीची खिचडीही अशीच होते. राजमा मात्र या रीतीने कधीही शिजवू नये, कारण तो भिजवून, ते पाणी टाकून, नंतर किमान दहा मिनिटे खळखळ उकळला नाही तर त्यातील घटकाने उलट्या-जुलाब होतात. गोधडीतील अन्न गरम असतानाच संपवावे, रात्रीसाठी तसेच ठेवू नये.

सरपण आणि शेणी यांची बेगमी धान्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती कोरड्या जागी रचली नाही तर चूल असूनही नसल्यासारखी होते. पाऊस आत येतो म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बसणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि माणसाला झोप आल्यासारखे वाटत राहते. त्या दिवसांत आम्ही पडवीत तीन दगडांची चूल मांडली होती आणि भिजत का होईना, सर्व रांधणे तेथेच केले.

मुळीच न शिजवता खाता येईल असे काहीतरी पहिल्या दोन दिवसांसाठी लागतेच, कारण वादळाच्या संध्याकाळी चूल पेटवण्याची शक्ती कोणातही नसते. पातळ पोहे, ओले खोबरे, कांदा, मीठ आणि नारळाचे पाणी एवढ्यावर दडपे पोहे होतात, आणि त्या दिवशी अंगणात पडलेल्या माडांचे नारळ आम्हाला उदंड होते. मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, लाह्या, राजगिऱ्याचे लाडू आणि गूळ हे त्याच फळीवर असतात. गूळ पावसाळ्यात पाघळतो, म्हणून तो लहान डब्यांत वेगवेगळा भरलेला बरा.

विहिरीला पाणी असूनही ते वर काढायला आमच्याकडे पंपाशिवाय काही नव्हते. शेजारच्या काकांनी जुना दोर आणि बादली दिली. आता विहिरीवर रहाट पुन्हा बसवला आहे. पिण्याचे आणि रांधण्याचे मिळून माणशी दिवसाला चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे ६० लिटर पाणी झाकून भरलेले असते. पुराचे किंवा गढूळ पाणी विहिरीत उतरले असेल, तर ते चौपदरी फडक्यातून गाळून खळखळ उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नये. जुलाब झालेल्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मी फळीच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवले आहे. त्यातला चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा.

मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस आम्ही घराचे मुख्य बटण सकाळी बंद करतो आणि रात्री झोपेपर्यंत फक्त फळीवरच्या वस्तूंवर स्वयंपाक करतो. मुले सुरुवातीला कुरकुरत असत, आता कुळथाचे पिठले तीच मागतात. जे त्या दिवशी उघडले जाते, ते पुढच्या महिन्यात रोजच्या जेवणात संपवून त्या जागी नवे भरले जाते, त्यामुळे वर्षापेक्षा जुने असे फळीवर लोणचे आणि आमसुले सोडून काही राहत नाही. जाते अंगणातून उचलून, छिन्नीने टाकी लावून घेऊन, खुंटा बसवून पडवीत आणले आहे, आणि थोरली मुलगी त्यावर नाचणी दळते. यंदाच्या परीक्षेत तांदूळ, डाळ, पाणी, सरपण सर्व जागेवर होते, पण काडेपेटी दमट निघाली आणि चूल पेटवायला शेजारी जावे लागले. दुसऱ्याच दिवशी चार काडेपेट्या घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, मूठभर भाजलेल्या तांदळासह, घालून मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या.