पर्सनल ट्रेनर लावू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्यायाम सुरू करायचं मनावर घेतलेलं कुणी भेटलं, की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर बहुतेकांना एकच असतं: लावा, पण शिकण्यापुरता.

भरभर चालणं, सायकल, पोहता येत असेल तर पोहणं, यासाठी ट्रेनरची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला. तेवढं आपलं आपल्याला जमतं. त्याच शिफारशींमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या, असंही आहे. माणसं अडतात ती तिथे. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन हातांनी उचलून उभं राहणं. ते करताना पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं असतं. पाठीचा बाक कळतो बाजूने पाहिल्यावर, आणि आरसा असतो समोर. बघायला मान वळवावी, तर पाठीची ठेवणही बिघडते. म्हणून सुरुवातीला बाजूला उभं राहून बघणारी जाणती नजर हवी.

सुरुवातीलाच का, तर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतके भरतात ते नंतर. त्या दिवसांत अंगात जी पद्धत मुरते ती पुढे मोडायला फार कष्ट पडतात.

आता माणूस कसा निवडायचा, यावर मी जरा जास्त बोलते, कारण इथे घाई केलेली मी बघते आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते ऐका. जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, रक्तदाब, झोप आणि चालू असलेली औषधं. बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलं जाणारं एक औषध, घेणाऱ्याच्या हृदयाचे ठोके औषधामुळेच कमी राहतात. अशा माणसाला घड्याळातल्या आकड्यावर पळवणं चूक आहे. त्याचा दम बघायचा, व्यायाम करता करता बोलता येतंय का ते बघायचं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. हे काहीही न विचारता हातात डंबेल देणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पहिल्याच दिवशी गळून जाईपर्यंत राबवणाऱ्यालाही. नव्या व्यायामाने अंग दुखतं, ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि मग ओसरतं. पण भलत्याच मेहनतीने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. वेदना असह्य असतील, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

एसीई, एनएससीए, एसीएसएम या अमेरिकी संस्था ट्रेनरना प्रमाणपत्र देतात. ते परीक्षेशिवाय मिळत नाही, आणि त्यासाठी सीपीआरही, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा प्रथमोपचारही, यावा लागतो. म्हणून ते जरूर विचारा. शिकवण्याची हातोटी मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी तो दुसऱ्या कुणाला शिकवत असताना थोडा वेळ उभे राहा. नजर समोरच्याच्या गुडघ्यावर आहे की मोबाइलवर?

बरेच दिवस सांधा दुखत असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, ट्रेनर नंतर. आजारात काय खावं हेही त्याला विचारू नका.

कुणीतरी वाट बघतंय म्हणून तरी जाणं होईल, असं पुष्कळजण म्हणतात. ते कारण मला मुळीच हलकं वाटत नाही. फक्त तेवढंच हवं असेल तर नेमाने येणारी मैत्रीणही ते काम करते.

ठरवताना ट्रेनरला आधीच सांगून ठेवा: तीन महिन्यांनी मला हे सगळं एकटीने करता आलं पाहिजे. चांगला शिक्षक त्या दिशेने आखणी करतो, वजन कधी आणि का वाढवायचं ते समजावतो. कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा, याची वही पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे ठेवा. पुढे एखादा नवा व्यायाम घ्यायचा झाला, किंवा जुन्यात काही खुपायला लागलं, तर तेवढ्यापुरतं पुन्हा त्याच्याकडे जाता येतं.