सोनोग्राफी झाली, मग एमआरआय कशाला?

अंडाशयाची गाठ सोनोग्राफीत दिसलीच आहे, मग वर एमआरआय कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सगळ्यांना तो लागत नाहीच. साध्या पाण्याच्या सिस्टला सोनोग्राफी पुरते. गाठ कसली हे तिच्यात ठरत नसेल, तरच एमआरआय. सुईने तुकडा काढून का बघत नाहीत? गाठ कर्करोगाची असून फुटली, तर पेशी पोटात सांडतात आणि अंडाशयापुरता असलेला आजार पुढच्या पायरीवर जातो. म्हणून न टोचता ओळखायचं.

आधी आत काय भरलंय ते. टी१ चित्रात (टी१, टी२ हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) चरबी आणि जुनं रक्त दोन्ही पांढरी दिसतात. चरबीचा सिग्नल दाबून तेच चित्र पुन्हा घेतलं आणि पांढरेपणा गेला, तर डर्मॉइड, म्हणजे चरबी असलेली साधी गाठ. राहिला, तर बहुधा चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साचलेली एंडोमेट्रिओसिसची गाठ. इथे फॅट-सॅटच हवं, म्हणजे फक्त चरबीचा सिग्नल दाबणारी पद्धत. स्टर (STIR) ही चरबी दाबायची दुसरी पद्धत रक्ताचा सिग्नलही दाबू शकते, मग चॉकलेट सिस्ट डर्मॉइड म्हणून खपते.

खरा निकाल मात्र घन भागावर लागतो. टी२ आणि बी-१००० डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारं चित्र), दोन्हींत तो काळा असेल, तर गाठ जवळजवळ नक्की साधी, फायब्रोमासारखी (तंतुमय गाठ). नसेल, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तपुरवठा दाखवणारं, शिरेतून द्यायचं औषध: वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल, आणि चित्रांची एकेक फेरी १५ सेकंदांच्या आत. घन भाग वेळेनुसार किती कॉन्ट्रास्ट घेतो त्याचा आलेख गर्भाशयाच्या स्नायूशी ताडायचा, म्हणून तो स्नायू त्याच चौकटीत यायलाच हवा. आलेख हळूहळू चढत राहिला तर ओ-रॅड्स (कर्करोगाच्या जोखमीची श्रेणी) ३, चढून सपाट झाला तर ४, स्नायूपेक्षा झपाट्याने चढला तर ५. पोटाच्या आतल्या अस्तरावर गाठी दिसल्या, तरीही ५. कर्करोगाची शक्यता अनुक्रमे सुमारे ५, ५० आणि ९० टक्के. म्हणजे ४ वाचून धीर सोडू नका. त्यातल्या निम्म्या गाठी साध्या निघतात.

फसगत कुठे होते? चॉकलेट सिस्टमधली रक्ताची गुठळी घन भागासारखी दिसते, पण कॉन्ट्रास्ट घेत नाही. सिस्ट आधीच पांढरी असल्याने हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कॉन्ट्रास्टआधीचं चित्र नंतरच्यातून वजा करावं लागतं. मध्ये तुम्ही हललात, तर वजाबाकीत कडेला खोटी चमक येते. डिफ्युजनमध्ये पू आणि डर्मॉइडमधला केराटिनही चमकतो, तो कर्करोग नव्हे. आतड्याच्या हालचालीनेही चित्र पुसट होतं. त्यासाठी ब्युस्कोपॅनचं, म्हणजे आतडी शांत करणारं, इंजेक्शन देतात. काचबिंदू (या इंजेक्शनसाठी) किंवा मूत्रपिंडाचा आजार (कॉन्ट्रास्टसाठी) असेल, तर आधी सांगा.