खंडणी भरल्यानंतरचे ७२ तास

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या कंपनीने खंडणी भरली आणि रविवारी रात्री मी ते सरकारला कळवलं. मधले दोन दिवस अजून अंगावर येतात.

मेलबर्नच्या डँडेनाँग भागातल्या एका शीतगृहात मी हिशेब आणि कर्मचाऱ्यांची कागदपत्रं सांभाळते. माणसं चाळीसेक, आयटीचं काम बाहेरच्या एकाकडे. ऑगस्ट २०२५ मधल्या एका मंगळवारी पहाटेची शिफ्ट सुरू झाली आणि एकही डिलिव्हरी डॉकेट निघेना. सगळ्या फायलींची नावं बदललेली, सोबत पैशांच्या मागणीची चिठ्ठी. बॅकअप त्याच सर्व्हरला जोडलेला होता, तोही गेला. आत मासे आणि आइस्क्रीम, आणि कुठलं पॅलेट कोणाचं हे फक्त त्या बंद पडलेल्या संगणकाला ठाऊक! पोरांनी तीन दिवस खोकी फोडून, मार्करने नावं लिहून माल काढला.

पैसे द्यायचे की नाही यावर भरपूर भांडण झालं. इथलं सरकार देऊ नका असंच सांगतं. मेडिबँक या विमा कंपनीकडची ९७ लाख लोकांची माहिती २०२२ मध्ये चोरीला गेली, तरी तिने दमडी दिली नाही, हे मी मालकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, मेडिबँकच्या फ्रीझरमध्ये मासे नव्हते. शेवटी वाटाघाटी करणारी एक कंपनी नेमली. समोरची टोळी सरकारने ज्यांच्याशी पैशांचा व्यवहार करायला बंदी घातलीय त्या निर्बंधांच्या यादीत नाही ना, हे तिने आधी तपासलं, कारण यादीतल्या माणसाला पैसे पोचवणं हाच गुन्हा ठरू शकतो. १,८०,००० डॉलरची मागणी ६५,००० वर आली.

पैसे गेले, फायली पुन्हा उघडायची किल्ली मिळाली, आम्ही हुश्श केलं. तेवढ्यात वाटाघाटी करणाऱ्या बाईंचा मेल आला: तुमचे ७२ तास सुरू झालेत.

इथे २०२४ चा सायबर सिक्युरिटी कायदा आहे. त्यातला हा भाग ३० मे २०२५ पासून लागू झाला. वर्षाची उलाढाल ३० लाख डॉलरच्या वर असेल, तर खंडणी दिल्यापासून ७२ तासांत ऑस्ट्रेलियन सिग्नल्स डायरेक्टोरेट या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेला कळवायचं. तुमच्या वतीने दुसऱ्या कोणी भरली असली तरी सुटका नाही. शनिवार-रविवारही त्यातच धरायचे. २०२५ संपेपर्यंत दंडाऐवजी समजावण्यावर भर राहील असं सरकारने सांगितलं होतं, पण मालकाला त्यावर विसंबायचं नव्हतं. मलाही नाही.

फॉर्म ऑनलाइन आहे आणि तसा लांबलचक नाही. हल्ला कधी झाला, कधी लक्षात आला, कामावर आणि ग्राहकांवर काय परिणाम झाला, मागितले किती, दिले किती, कसे दिले, टोळीशी बोलणं कधी आणि काय झालं. त्रास उत्तरं गोळा करण्याचा. त्या आठवड्यात कोणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं. मंगळवारी सर्व्हर किती वाजता बंद केला? आयटीवाला म्हणे सहा, सुपरवायझर म्हणे साडेसात. शेवटी सुपरवायझरच्या फोनमधल्या फोटोवरची वेळ लावली. जे माहीत आहे आणि वाजवी चौकशीने कळू शकतं तेवढंच द्यायचं असतं, हे वाचून जरा धीर आला.

शनिवारी नाशिकहून आईचा फोन. सगळं ऐकून म्हणाली, "खंडणी मागणाऱ्याची तक्रार करतात हे ऐकलंय गं. पण देणाऱ्यानेच जाऊन सांगायचं?" मी म्हटलं, कोण किती पैसे नेतंय हेच सरकारला कळत नाही, सगळे अब्रूपायी गप्प बसतात. "मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि जेवलीस का विचारलं.

अडले ते एका प्रश्नावर. चोर कुठल्या फटीतून आत आला? आयटीवाल्याने शोधून काढलं होतं: फेब्रुवारीत नोकरी सोडलेल्या एका ड्रायव्हर-समन्वयकाचं लॉगिन. चालूच राहिलेलं, पासवर्डशिवाय दुसरी तपासणी नाही. आणि सोडून गेलेल्यांची यादी दर महिन्याला आयटीला पाठवणं हे काम माझं.

फॉर्मच्या त्या चौकटीसमोर मी बराच वेळ बसले. "जुने खाते" एवढंच लिहून भागलं असतं. वकिलाने सांगितलं होतं की या फॉर्ममधली माहिती, काही अपवाद सोडले तर, कंपनीविरुद्ध कारवाईसाठी वापरता येत नाही. कंपनीचं ठीक आहे हो, पण मालक सही करण्याआधी वाचणारच होता. मी सगळं लिहिलं, महिन्यासकट. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "पाठव," एवढंच म्हणाला.

रविवारी रात्री पावणेदहाला पाठवला. ड्रायव्हरांच्या परवान्यांच्या प्रतीही चोरीला गेल्यात की काय, हे प्रायव्हसीच्या कायद्याखाली वेगळं तपासायचं होतं. त्याचे कागद पुढे कितीतरी आठवडे चालले.

सोमवारी सकाळी मालकाने विचारलं, "आता सरकार पैसे परत मिळवून देणार का?" नाही म्हटलं. तो गोदामात गेला. मी फेब्रुवारीपासूनची सोडून गेलेल्यांची यादी काढून आयटीवाल्याला पाठवली. आणखी तिघांची लॉगिन चालू निघाली.