सातारा ते मालवण स्कुबा: फॉर्ममधला फिटचा (आकडीचा) प्रश्न खरा भरा

पहाटे चारला साताऱ्यातनं निघालो, कराडला चहा, कोल्हापूरवरनं राधानगरी, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि मालवण. रस्त्याचं एवढं बास, सांगायचंय ते वेगळंच.

आम्ही सगळे शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेलो, तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायची पैज लागायची, त्यामुळं प्रेशर म्हणजे कान दुखणार एवढंच माहीत. स्कुबासाठी, म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला, बोटीत बसायच्या आधी फॉर्म दिला, त्यात फिट येतात का हा प्रश्न होता. मावसभावाला अकरावीत दोनदा फिट आलेली, गोळ्या बंद होऊन सात वर्षं झालीत, तो सरळ 'नाही'वर टिक करायला लागला. मी हात धरला तर म्हणतो, "बरा झालोय की आता, गप की जरा." मी इन्स्ट्रक्टरला सांगितलंच, त्यानं त्याला पाण्यात सोडलं नाही. भाऊ तोंड फिरवून बोटीच्या कडेला बसला, मला लय वाईट वाटलं पण परत वेळ आली तरी हेच करीन. खाली फिट आली की तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरातनं श्वास घ्यायचं तोंडात धरायचं यंत्र) सुटतो आणि माणूस बुडतो, दुसरं काय होणार?

बरं, आपण सगळे 'ऑक्सिजनचं सिलिंडर' म्हणतो ना, त्यात साधी हवाच असते, २१ टक्के ऑक्सिजन. दर १० मीटरला एक वातावरणाएवढं प्रेशर वाढतं आणि तेवढ्या पटीत श्वासातल्या ऑक्सिजनचं प्रेशरही वाढतं. हाच ऑक्सिजन जास्त प्रेशरला मेंदूला बाधतो, हे पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ मध्येच मांडलेलं. ओठ फडफडणं, कानात गुंई, मळमळ, नजर अरुंद होणं आणि मग चांगल्या धडधाकट माणसालाही फिट, कधीकधी काहीच इशारा न देता. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं हे प्रेशर चेंबरमध्ये स्वतःवर करून बघितलं, फिटमध्ये त्याच्या मणक्याला इजा झाली, पुढं हा माणूस भारतातच राहिला आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारला.

डायव्हिंगमध्ये ऑक्सिजनचं प्रेशर १.४ वातावरणाच्या आत ठेवतात, १.६ म्हणजे अगदी शेवटची हद्द. साध्या हवेवर ही हद्द ६६ मीटरला येते, ३२ टक्केवाल्या नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन घातलेल्या हवेवर) ४० ला, आणि शुद्ध ऑक्सिजनवर फक्त ६ मीटरला! आम्ही ८ मीटरपर्यंतच गेलो म्हणजे जेमतेम ०.३८, त्यामुळं टुरिस्ट डाइव्हला याची भीती नाही. पण पुढं कोर्स करणार असाल तर सिलिंडरात काय भरलंय ते स्वतः मीटर लावून बघा. ३० मीटरच्या आसपास हवेतल्या नायट्रोजनची नशा चढायला लागते आणि ज्याला चढते त्यालाच ती कळत नाही.

जाणाऱ्यांनी डाइव्ह करून लगेच घाट चढू नका. वर गेलं की हवेचं प्रेशर कमी होतं, अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात आणि ते मज्जारज्जूत अडकले तर पाय बधिर पडतात. उथळ डाइव्हला धोका कमीच, तरी आम्ही रात्र मालवणातच काढली. जून ते सप्टेंबर जाऊ नका, बंद असतं.

दुसऱ्या दिवशी फोंडा घाटात भाऊ पहिल्यांदा बोलला, "डायव्हिंग कळणारा डॉक्टर बघून ठेव, त्याला दाखवून मग येऊ." फॉर्मचा फोटो त्यानं मोबाईलमध्ये काढूनच ठेवला होता.