मणक्याच्या गादीतली प्रथिने: झीज आणि दाह
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल असोत किंवा वाळवा-पलूस भागात उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवणारे ऊसतोड कामगार असोत, कंबर धरली की एमआरआयच्या अहवालात बहुधा तेच लिहून येते: खालच्या मणक्यांमधली गादी सुकली आहे, थोडी बाहेर आली आहे. ओळखीपाळखीतून असा अहवाल घेऊन आलेला माणूस मला हमखास विचारतो, "सर, हे झिजल्यामुळं दुखतंय का सुजल्यामुळं?" जीवरसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण गादीच्या बाबतीत झीज आणि दाह एकमेकांना खतपाणी घालत असतात.

गादीच्या मध्यभागी ॲग्रिकन नावाचे मोठे रेणू दाटीने भरलेले असतात. प्रथिनाच्या दांड्यावर सल्फेटयुक्त शर्करेच्या लांब साखळ्या, त्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार आणि त्या भारामुळे ओढले जाणारे क्षार व पाणी, अशी ही व्यवस्था आहे. वर्गात दाखवण्यासाठी मी मटणाच्या दुकानातून बोकडाच्या कण्याचा तुकडा आणतो. ब्लेडने गादी आडवी कापली की आतला चकचकीत, बुळबुळीत गर आपोआप वर उचलून येतो. तो साध्या पाण्यात ठेवला तर फुगतो, दाट मिठाच्या पाण्यात तेवढा फुगत नाही. हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिले की भाराचे गणित वेगळे समजवावे लागत नाही.

या फुगण्याला आवर घालते ते बाहेरचे कडे. त्यात कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे एकावर एक १५ ते २५ थर असतात आणि प्रत्येक थरातले तंतू शेजारच्या थराच्या उलट दिशेने तिरके जातात. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या गादीत संवेदक बसवून दाब मोजला: पालथे झोपल्यावर सुमारे ०.१ मेगापास्कल, उभे राहिल्यावर ०.५, आणि पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना २.३. गुडघे वाकवून तेच वजन उचलले तर आकडा १.७ वर आला. पोत्याखालच्या पाठीचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

आता दाहाकडे येऊ. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिथल्या मोजक्या पेशी मणक्याच्या बाजूने झिरपत येणाऱ्या अन्नावर जगतात. वय, आनुवंशिकता, धूम्रपान आणि अतिभार यांमुळे या पेशी इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचे संदेश सोडू लागल्या, की ॲग्रिकन आणि कोलॅजन तोडणारी विकरे (एन्झाइम) वाढतात. इथवर पुष्कळांना ठाऊक असते. मात्र तुटलेली प्रथिने तिथे निमूट पडून राहत नाहीत, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन अखंड असताना पेशीला आधार देते, पण त्याचेच तुकडे पेशीला आणखी विकरे बनवायला लावतात. पेशींभोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्यातून सुटलेले बायग्लायकन हे प्रथिन पेशींवरच्या टोल-सदृश ग्राहींना चेतवते, म्हणजे जंतूंची चाहूल घेण्यासाठी असलेली यंत्रणाच इथे जागी होते. दाहाने जाळे तुटते, तुटलेले जाळे दाह वाढवते आणि दरम्यान पाणी धरून ठेवणारे रेणू कमी झाल्यामुळे गरातला दाब उतरतो व भार कड्याच्या थरांवर येऊन त्यांना भेगा पडतात. एमआरआयमध्ये काळी दिसणारी गादी ती हीच. बायग्लायकन नसलेल्या उंदरांमध्ये गाद्या लवकर झिजतात, यावरून ते प्रथिन आपल्या जागी असणे किती गरजेचे आहे हे कळते.

तरीही सगळा दाह वाईट मानू नये. कडे फाटून गर बाहेर आला, की तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि भक्षक पेशी पोहोचतात आणि तीच विकरे तो गर हळूहळू विरघळवतात. म्हणूनच बाहेर आलेला तुकडा अनेकांमध्ये काही महिन्यांत आपोआप आकसतो आणि डॉक्टर लगेच शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. लघवी अडणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र वाट पाहायची नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.