दावणीला लागलेली बिनकाट्यांची वाम

तापीतल्या माशांच्या जाती मोजायच्या असतील, तर फाल्गुनासारखे दिवस नाहीत. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि बेभरवशाचे असते, थंडीत मासा खोल पाण्यात सुस्त पडून राहतो, आणि चैत्र सरता सरता खानदेशातले ऊन इतके तापते की दहा वाजल्यानंतर तराफ्यावरचा मासा काठाला येईपर्यंतच नरम पडतो. फाल्गुनात पहाटेचे पाणी गार आणि दुपारचे कोमट असते. मासा चरण्यासाठी उथळ पाण्याकडे सरकतो, आणि एकाच सकाळी एकाच काठावर परस्परांशी काही संबंध नसलेले मासे हाती लागतात. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि सारंगखेडा व प्रकाशा या दोन बॅरेजांमधल्या पट्ट्यात कोणकोणत्या जाती उरल्या आहेत, याची नोंद ठेवते. हे काम प्रयोगशाळेत होत नाही. ते भोई समाजातल्या मासेमारांच्या मागे मागे फिरून, त्यांच्या विक्रीत व्यत्यय न आणता, व्यापाऱ्याची गाडी येण्यापूर्वीच्या तासाभरात उरकावे लागते.

ज्या नानांबरोबर मी जाते, ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसून वल्ह्याऐवजी दोन फळकुटांनी पाणी मागे सारतात. संध्याकाळी तीन वेगवेगळ्या आसांची, म्हणजे लहानमोठ्या छिद्रांची, जाळी टांगून ठेवायची, खडकाळ जागी दावण सोडायची, म्हणजे लांब दोरीला हात-हात अंतरावर बांधलेले गळ गांडुळे किंवा कोंबडीची आतडी लावून तळाशी बसवायचे, आणि पहाटे सगळे उचलायचे, असा त्यांचा क्रम असतो. काठावर त्यांची सून मासे वेगळे करते. तिचा हात इतका तयार आहे की माझ्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना मी तिच्याकडे चार दिवस पाठवावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कटल्याला मिशा नसतात आणि तोंड वर वळलेले असते, मृगळाचे तोंड खाली असते, शिंगट्याच्या पाठीवरच्या मांसल परावर काळा ठिपका असतो, हे सारे ती न बघता बोटांनीच ओळखते. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र एवढ्या साऱ्या माशांसाठी चारच रकाने असतात आणि शेवटचा रकाना ‘इतर’ असा असतो. सरकारी तक्त्यांचीही गत फारशी वेगळी नाही. नदीत जे काही मूळचे म्हणून शिल्लक आहे, ते बहुतेक सगळे या ‘इतर’मध्ये वजनाखाली गाडले जाते.

त्या सकाळची उचल दोन ठिकाणची होती. खालच्या अंगाला, जिथे प्रकाशा बॅरेजचा फुगवटा संथ आणि रुंद आहे, तिथल्या जाळ्यांत वजन भरपूर होते, पण जाती मोजक्याच होत्या: सोडलेल्या बियाण्यातून वाढलेले रोहू आणि कटला, थोडे सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, आणि बाकी चिलापी. हा चिलापी, म्हणजे तिलापिया, आपल्या देशात १९५२ मध्ये बाहेरून आणला गेला, आणि त्याने नद्यांमध्ये असे बस्तान का बसवले, हे त्या दिवशी पुन्हा एकदा हातावर दिसले. जाळ्यातून सोडवताना एका मादीचा जबडा मी अंगठ्याने किंचित उघडला, तर तिच्या तोंडातून तांदळाच्या कणीएवढी पिल्ले ओघळून माझ्या ओल्या तळव्यावर पडली. प्रत्येकाला दोन काळेभोर डोळे होते, आणि तळव्यातल्या त्या चमचाभर पाण्यातही सगळी एकाच दिशेला तोंड करून पोहू लागली. जो मासा आपली अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, त्याच्याशी नदीच्या भरवशावर अंडी सोडून देणारे मासे कशी बरोबरी करणार?

वरच्या अंगाला, सारंगखेडा बॅरेजच्या खाली, दरवाज्यांतून झिरपणारे पाणी खडकांतून वाहत राहते. तिथल्या जाळ्यांतले सारे मासे मिळून एक टोपलीही भरली नाही, पण त्या टोपलीत खवली होती, आळकूट होते, लांब चोचीचा टोका होता, खडकाला पोटाने चिकटणारा मळ्या होता, मरळ होती, दोन शिंगटे होते आणि एक चांगला हातभर लांब पडीन होता. वाहत्या पाण्याचा एवढासा तुकडा उरला, तरी किती जाती त्याच्या आधाराने तग धरतात, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अशी टोपली पाहावी.

दावण शेवटी उचलली. पहिल्या काही गळांवर नेहमीच्या वामा होत्या. मग दोरी ताठ झाली, नानांनी ती मनगटाला गुंडाळली आणि जे वर आले ते त्यांनी सवयीने ‘मोठी वाम’ म्हणून गोणपाटात टाकले. मी नोंद करण्यासाठी ती धरली आणि शेपटीकडून डोक्याकडे पाठीवरून अंगठा फिरवला. वामेच्या पाठीवर सुट्या, आखूड काट्यांची रांग असते. असा उलटा अंगठा फिरवला की ते बोचतातच. इथे काहीच बोचले नाही. नाकाच्या टोकाला वामेला असते तसे मांसल शेंडेही नव्हते. तोंड रुंद होते, आणि पाठीचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला कुठेही न तुटता मिळत होता. पिवळसर तपकिरी अंगावर गडद डाग पसरलेले होते. तो ईल होता, अँग्विला कुळातला, आणि तोपर्यंत मी तो केवळ बरणीत पाहिलेला होता.

असा मासा हातात मोजता येत नाही, कारण तो हातात राहतच नाही. म्हणून मी बादलीभर नदीच्या पाण्यात स्पिरिटमध्ये मिसळलेल्या लवंगेच्या तेलाचे काही थेंब घालून ढवळले. हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे: मासा काही मिनिटांत गुंगतो, आणि स्वच्छ पाण्यात टाकला की पुन्हा शुद्धीवर येतो. परंतु त्या पाण्यातून काढलेला मासा लगेच कोणाच्या ताटात जाऊ देणे योग्य नसते, म्हणून त्याचे पैसे मी नानांना आधीच दिले. मोठ्या वामेचा भाव चिलापीपेक्षा कितीतरी चढा असतो आणि नानांनी तो मला रुपयानेही कमी लावला नाही, हे योग्यच झाले. लांबी ८७ सेंटिमीटर भरली आणि वजन सव्वा किलोच्या थोडे वर. आपल्याकडच्या ईलांमध्ये जात ठरवण्यासाठी पाठीचा पर कुठे सुरू होतो, हे पाहतात. एका जातीत तो जवळजवळ गुदद्वाराच्या वरच सुरू होतो, तर दुसऱ्या, डागाळलेल्या जातीत बराच पुढे. इथे ते अंतर साडेनऊ सेंटिमीटर होते, म्हणजे लांबीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त. तेव्हा ही डागाळलेली जात, अँग्विला बेंगालेन्सिस, याबद्दल मला शंका उरली नाही.

शंका वेगळीच होती, आणि ती अजून सुटलेली नाही. ईल समुद्रात जन्मतो. त्याचे पिल्लू सुरुवातीला पानासारखे चपटे आणि पारदर्शक असते. किनाऱ्याजवळ येताना ते दोऱ्यासारखे होते आणि मग नदीत शिरून प्रवाहाविरुद्ध चढत जाते. नदीत ते वर्षानुवर्षे वाढते, पक्व झाले की रुपेरी होते, डोळे मोठे होतात, अन्न घेणे थांबते, आणि ते पुन्हा समुद्रात जाऊन एकदाच वीण घालून मरते. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिथून वर यायचे म्हटले तर वाटेत शहराजवळचा बंधारा आहे, काकरापारचा बंधारा आहे, १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाईचे प्रचंड धरण आहे, आणि त्याच्यावर प्रकाशाचे बॅरेज. बॅरेजचे दरवाजे पावसाळ्यात उघडतात, तेव्हा तिथला अडथळा काही काळ नाहीसा होतो. उकाईची गोष्ट तशी नाही. माशांना चढता यावे म्हणून पायऱ्यांसारखी वाट ठेवण्याची पद्धत जगात जुनी आहे, परंतु आपल्याकडच्या बहुतेक धरणांमध्ये ती ठेवलेली नसते, आणि हा प्रश्न ज्या बैठकांत निघायला हवा त्या बैठकांत माशांची माहिती असलेला माणूस क्वचितच बसलेला असतो.

मग हा इथे आला कसा? नानांना हा प्रश्नच पडला नाही. “हाई मासा भीत चढस, ताई,” म्हणजे हा मासा भिंत चढतो, एवढे म्हणून ते जाळे झटकू लागले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बोटाएवढे ईल शेवाळलेल्या ओल्या भिंतीला पोटाने चिकटून उभे चढतात आणि रात्री ओल्या गवतातूनही सरपटतात. त्यांची कातडी ओली असेपर्यंत ते तिच्यावाटेही श्वास घेतात. परंतु उकाईच्या उंचीची भिंत? माझ्या एका सहकाऱ्यांनी फोटो पाहताच निकाल दिला की हा मत्स्यबीजाच्या गाडीतून आलेला भुरटा प्रवासी आहे. तेही अशक्य नाही. बोटुकलीच्या, म्हणजे सोडायला आणलेल्या बोटाएवढ्या पिल्लांच्या, पिशव्यांमधून नको ते मासे सर्रास येतात, आणि त्या पिशव्या तपासण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. मला खटकली ती त्यांची घाई. गेल्या कित्येक वर्षांत ज्यांनी नदीच्या पाण्यात गुडघ्याइतकाही पाय घातलेला नाही, त्यांना निर्णय द्यायला फोटो पुरतो. माझ्या मनात आणखी एक शक्यता होती, ती म्हणजे धरणाच्या आधी वर आलेला हा एखादा म्हातारा असेल का. ईल दीर्घायुषी असतात, हे खरे. पण पन्नासहून अधिक वर्षे आणि सव्वा किलो वजन यांचा मेळ मला घालता आला नाही.

शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे तो मासा फॉर्मलिनमध्ये घालून क्रमांकासह ठेवायला हवा होता. मी पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत घेतला, सर्व बाजूंनी फोटो काढले आणि त्याला सोडायचे ठरवले. नदीत इतक्या वर चढलेले मोठे ईल बहुधा मादी असतात, आणि ही मादी कशीही आली असली तरी तिला खालीच जायचे होते. नाना म्हणाले की जिथे सापडली तिथेच सोडा, आता नदी कुठे राहिली आहे, त्यांच्या शब्दांत, “आते नदी नही, टाकी शे.” मला मात्र तिच्या वाटेतला निदान एक अडथळा कमी करावासा वाटला. म्हणून नानांच्या पुतण्याने मोटारसायकल काढली, भिजवलेल्या गोणपाटात तिला गुंडाळून मी मागे बसले, आणि वाटेत दोनदा थांबून हातपंपावर गोणपाट ओले करत आम्ही प्रकाशाला बॅरेजच्या खालच्या अंगाला पोहोचलो. पोते उघडल्यावर ती क्षणभरही घुटमळली नाही. खालच्या पाण्याचा शेवट उकाईच्या भिंतीला आणि तिथल्या वीजगृहाला होतो, हे मला माहीत होते. तरीही मी तिला तिथे सोडले, आणि सहकाऱ्यांनी ‘पुरावा पाण्यात घातला’ म्हणून जे ऐकवले, त्यावर माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. जनुकीय तपासणीत तो तुकडा जात पक्की करील. ती कोणत्या वाटेने आली, हे त्यातून कळणार नाही.

ते कळण्याचा एकच उपाय मला दिसतो. आषाढात दरवाजे उघडण्याच्या सुमारास, रात्री, बॅरेजच्या पायथ्याच्या शेवाळलेल्या काँक्रीटवर बोटाएवढे ईल दिसतात का, हे उजेड टाकून पाहायचे. एक जरी दिसला तरी बीजाच्या गाडीची गोष्ट निकालात निघेल, आणि मग प्रश्न उकाईला विचारावा लागेल. रात्री तिथे जाण्यासाठी लेखी परवानगी लागते. अर्ज दिलेला आहे आणि तो टेबलावरून टेबलावर फिरतो आहे. नाना यायला तयार आहेत. त्यांची अट एवढीच: “या, पन बॅटरी तुम्हनी लई या.”