सॅक्सोफोनच्या शेजारी एर्हू कशासाठी?

शास्त्रीय संगीतात मुरलेले माझे स्नेही एक प्रश्न हमखास विचारतात : प्रयोगशील, अंगावर येणारा जॅझ आणि चिनी परंपरा यांना एकत्र आणले की दोन्हींची चव जात नाही का? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो : चव जाते ती केवळ स्वर उसने घेतले की. चिनी संगीतातील सर्वांत परिचित पंचस्वरी रचना म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवून वर एक घंटा बडवली की 'चिनी वातावरण' तयार होते, आणि जुन्या हॉलिवूडपटांनी हे भरपूर केले. पण तेवढे पाच स्वर वाजवल्याने भूप उभा राहत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे.

ज्यांनी हे गांभीर्याने केले ते बहुतेक चिनी-अमेरिकन. पियानोवादक जॉन जँग आणि सॅक्सोफोनवादक फ्रान्सिस वाँग यांनी १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एशियन इम्प्रॉव्ह' ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारे फ्रेड हो (१९५७-२०१४) यांनी सुन वुकाँग या वानराची, म्हणजे धर्मग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेल्या भिक्षूच्या सोबत्याची, कथा आपल्या संगीतात आणली. रेल्वेमार्ग बांधायला चिनी मजूर वापरून घेऊन १८८२ मध्ये कायद्याने चिनी मजुरांना दार बंद करणाऱ्या देशात ही मंडळी वाढली होती, आणि निषेध सुरांतून कसा करावा हे ती कोल्ट्रेन, सन रा यांच्यासारख्या कृष्णवर्णीय वादकांकडून शिकली. जँग यांनी आपल्या वाद्यवृंदाला 'पॅन एशियन आर्केस्ट्रा' हे नाव दिले तेही सन रा यांच्या 'आर्केस्ट्रा' या वाद्यवृंदाला स्मरूनच.

परंतु इतिहास समजला म्हणून संगीत कानाला पटत नाही. ते पटते वाद्यांमुळे. एर्हू या गजाने वाजवायच्या चिनी वाद्याला दोनच तारा असतात, गजाचे केस त्या दोहोंच्या मधून ओवलेले असतात आणि तारांखाली पट्टी नसते, त्यामुळे बोट तारेवर अधांतरीच दाबले जाते आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणे हा या वाद्याचा स्वभावच ठरतो. सॅक्सोफोनवादक ओठांच्या दाबाने स्वर वाकवतो, किंचाळवतो, चिरतो, तेव्हा तो याच प्रदेशात आलेला असतो. सारंगी ऐकलेल्या कानाला यात परके काही वाटू नये. चीनच्या जिआंगनान भागातील 'सिझू' वादनात तर सगळे वादक एकच धून घेतात आणि प्रत्येक जण ती आपापल्या परीने सजवतो; गायकाच्या मागोमाग जाणाऱ्या संवादिनीच्या साथीची इथे आठवण होते, आणि सामूहिक उत्स्फूर्त वादन ही जॅझचीही जुनी सवय आहे.

सगळेच प्रयोग साधतात असे मात्र नाही. मोठ्या वाद्यवृंदात चिनी वाद्य पुष्कळदा प्रारंभी चार स्वर सांडते आणि मग सॅक्सोफोनांच्या गर्दीत दिसेनासे होते. तो शुद्ध नेपथ्याचा प्रकार आहे. म्हणून ऐकायचेच तर जँग यांच्या १९९६ च्या 'टू फ्लॉवर्स ऑन अ स्टेम' या अल्बमपासून आरंभ करावा, कारण तिथे चेन जिएबिंग यांची एर्हू आणि जेम्स न्यूटन यांची बासरी बरोबरीच्या नात्याने बोलतात. त्यानंतर मिन शिआओ-फेन यांची पिपा (बोटांनी छेडायचे चिनी तंतुवाद्य) आणि डेरेक बेली यांची गिटार यांचा १९९८ चा 'वायपर' हा अल्बम घ्यावा. पिपावादनात पाचही बोटे एकामागोमाग तारेवरून फिरवून अखंड कंप काढण्याची रीत आहे, बेली यांचा हात तुटक, कोरडा. तरीही मधूनमधून कोणते वाद्य कोणाचे हे ओळखू येत नाही. सुरावट शोधू नका, ती तिथे नाही.